जर्मन ठाण्याचा पंचनामा

मालिकेचा पहिला भाग सुरू होऊन दहा-अकरा मिनिटं झाली असतील. वडिलांनी टीव्ही थांबवायला सांगितला.

पडद्यावर एका जर्मन शहरातला फ्लॅट होता. गालिच्यावर एक माणूस मरून पडला होता. जाड कोट घातलेला निरीक्षक आत आला. त्याने मृताकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, सहकाऱ्याशी दोन वाक्यं बोलला आणि खिशात हात घालून पलीकडच्या खोलीत गेला. मग दोघांनी प्रेत उचललं.

"थांबव वं," वडील माझ्या भाचीला म्हणाले. "प्रेत हालवलं त्यायनं."

"हो जी आबाजी. पोस्टमार्टमले नेऊन राहिले."

"पंचनामा कुठं झाला?"

"दाखवला नसन. टीव्हीत सगळंच थोडी दाखवतात."

"पंच बी नाही दिसले. कोणी लिहून बी नाही राहिलं. साहेब खिशात हात घालून हिंडून राहिला. याचा रायटर कुठं आहे?"

वडिलांनी उरलेला भाग पाहिला, पण मान हलवत पाहिला.

वडील पोलीस खात्यातून हेड कॉन्स्टेबल म्हणून निवृत्त झाले, त्याला वीस वर्षं उलटली आहेत. नोकरीचा बहुतेक काळ ते रायटर होते. तपास अधिकाऱ्यासोबत राहून त्याचे कागद लिहिणाऱ्या पोलिसाला खात्यात रायटर म्हणतात. जबाब, पंचनामे, जप्तीची यादी हे सगळं त्याच्या हातचं असतं. जिल्ह्यातल्या पाच ठाण्यांत त्यांनी हे काम केलं, सर्वांत जास्त काळ कुहीला. मी एका मराठी दैनिकात अठ्ठावीस वर्षं उपसंपादक होतो. घरात लिहिणारे आम्ही दोघेच, आणि दोघांची शिस्त एकच. जे दिसलं तेवढंच कागदावर आणायचं, आपलं मत घालायचं नाही. ही शिस्त चुकीची आहे असं मला आजही वाटत नाही. पण भाचीला ती जवळजवळ भोवली.

भाची म्हणजे माझ्या बहिणीची मुलगी. गाव नरखेड तालुक्यात, घरची संत्र्याची बाग. नर्सिंगचं शिक्षण घेऊन ती नागपुरातल्या एका खासगी रुग्णालयात लागली आणि सहा वर्षांपासून उत्तर नागपुरातल्या आमच्या घरी राहत होती. जर्मनीतल्या एका लहान शहरातल्या रुग्णालयाने तिला नोकरी देऊ केली होती. अट एकच होती. जर्मन भाषेच्या बी-टू पातळीच्या परीक्षेचे चारही भाग, म्हणजे वाचन, श्रवण, लेखन आणि बोलणं, तिने मार्चअखेर पार करायचे. तोवर जागा राखून ठेवलेली होती. माझ्या बहिणीनेही मार्चअखेरपर्यंतच थांबायचं कबूल केलं होतं. त्यानंतर वर्ध्याच्या एका स्थळाला होकार कळवायचा, असं तिच्या मनात पक्कं होतं. दोन्ही मुदतींबद्दल कोणी विचारलं की भाची एकच उत्तर द्यायची, "मार्च निघू द्या."

धरमपेठेतल्या तिच्या जर्मनच्या बाईंनी तिला ही मालिका सुचवली होती. बातम्या फार भरभर असतात आणि नव्या मालिकांत सगळे एकदम बोलतात, असं त्यांचं म्हणणं. जुन्या पोलीस मालिकेत मात्र एका वेळी एकच माणूस बोलतो, कारण दुसऱ्याचा जबाब चालू असतो. ही मालिका भाचीच्या जन्माआधी सुरू झाली होती आणि अजून संपलेली नव्हती. शेकडो भाग इंटरनेटवर पडून होते. प्रत्येक भागात एक खून, एक कुटुंब, भरपूर ढगाळ हवा. निरीक्षक दारावरची घंटा वाजवायचा, पायपुसण्यावर बूट पुसायचा, आत जाऊन उभा राहायचा. घरचे लोक कॉफी विचारायचे. तो नको म्हणायचा. पन्नासाव्या मिनिटाच्या आसपास बैठकीच्या खोलीतच कोणीतरी गुन्हा कबूल करायचं, आणि ते करताना आवाजही फारसा चढवायचं नाही.

"मारलं नाही, धमकावलं नाही, अन् सांगून मोकळा झाला," वडील पहिल्या आठवड्यात म्हणाले होते. त्यांना हे खरं वाटलं नव्हतं, पण आवडलं असावं. कारण त्यानंतर दुपारी चारचा चहा आणि मालिका ही वेळ त्यांनी कधी चुकवली नाही. भाचीची सकाळची पाळी असली की ती साडेतीनला घरी यायची. चारला टीव्ही लागायचा. घरात मालिकेचं मूळ नाव कोणी घेत नसे. 'जर्मन ठाणं लाव', असंच म्हटलं जाई.

पंचनाम्याची पद्धत दुसऱ्या दिवसापासून सुरू झाली. वडिलांनी कपाटातून पुठ्ठ्याच्या बांधणीची लांब वही काढली, समास आखला आणि भाचीला म्हणाले, "त्यायचा रायटर नाही तर नाही. आपण लिहू. मी मराठीत सांगतो, तू जर्मनमध्ये लिहिजो. रोज एक."

भाची आधी हसली. मग तिच्या ध्यानात आलं की टेबल, गालिचा, कडी, कुलूप, कोपरा, डाग, वीत, फूट असे शब्द शिकायला याहून बरी वही मिळणार नाही. रोज प्रेत सापडलं की ती चित्र थांबवायची आणि वडील डोळे बारीक करून सांगू लागायचे.

"सदर खोली अंदाजे बारा बाय चौदा फुटांची असून तिचे पूर्वेस काचेची खिडकी, पश्चिमेस दरवाजा..."

"आबाजी, पूर्व कुठून आणू? टीव्हीत सूर्य दिसून नाही राहिला."

"पडद्याची उजवी बाजू पूर्व."

"काहून?"

"चतुःसीमा नसन तर तो पंचनामा होत नाही म्हणून. लिही. उत्तरेस लाकडी कपाट, कुलूप नसलेलं. प्रेताचे डाव्या हाताजवळ एक कप, दांडी तुटलेला, आत कॉफीसारखा द्रव."

"कॉफीच आहे जी. दोघं पेऊन राहिले होते आत्ता."

"तू चाखून पाह्यली का? कॉफीसारखा द्रव."

पंचनाम्याला दोन पंच लागतात. पंच क्रमांक एक मी होतो. पंच क्रमांक दोन माझी पत्नी. वडील सांगायचे, भाची लिहायची, मग मराठी मजकूर वाचून दाखवला जायचा आणि आम्ही दोघं समासात सही करायचो. पत्नीचा हात पुष्कळदा कणकेने भरलेला असे. वहीच्या काही पानांवर तिच्या सहीशेजारी अजून तिचे पांढरे ठसे आहेत.

पत्नीची अडचण वेगळी होती. तिने टपाल खात्यात खिडकीवर तीस वर्षं काम केलं. समोर येणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावरून तो भांडायला आला आहे की रडायला, हे त्याने तोंड उघडण्याआधी तिला कळायचं. मालिकेतला खुनी ती बहुतेक वेळा पंधराव्या मिनिटाला सांगून टाकायची.

"हा जावई आहे ना, यानंच केलं."

"कशावरून?" वडील विचारायचे.

"बायको बोलते तवा तो बोटं चोळते. पाहा ना."

"पंचानं मत द्याचं नसते सूनबाई. पंचानं पाहाचं."

"तेच तर पाहून राहिली मी."

"बोटं चोळत होता, एवढं लिहिता येते. यानंच केलं, असं लिहिता येत नाही."

"मंग राहू द्या. तुमच्या पंचनाम्यात खुनी सापडणारच नाही कधी. कप सापडन फक्त."

तिचे अंदाज किती बरोबर निघाले याची मोजदाद मी ठेवली नाही. ठेवायला हवी होती.

महिनाभराने मालिकेतला निरीक्षक बदलला. जाड कोटवाला गेला आणि त्याच्या जागी एक उंच, टक्कल पडलेला माणूस आला. भाचीने सांगितलं की मालिका इतकी वर्षं चालली की नटही बदलत गेले. वडिलांनी ते स्पष्टीकरण स्वीकारलं नाही. "बदली झाली त्याची," ते म्हणाले. "कुठं गेला ते पाहून ठेव." नव्या साहेबावर त्यांनी आठवडाभर लक्ष ठेवलं आणि मग निकाल दिला, "बरा आहे. पायपुसण्यावर बूट पुसते हाही."

त्यांना एकच जर्मन शब्द मनापासून आवडला. फाइराबेंड. कामाची वेळ संपली, आता घरी, असा त्याचा अर्थ. मालिकेतले पोलीस तो शब्द म्हणून टेबलावरचा दिवा बंद करायचे. आपल्या खात्यात असा शब्द का नव्हता, यावर वडील बराच वेळ विचार करत बसले होते. त्यानंतर भाग संपला की ते स्वतःच तो शब्द म्हणायचे आणि वही मिटायचे.

परीक्षा पुण्यात होती. भाची गेली, देऊन आली. निकाल जानेवारीच्या शेवटी लागला. वाचन उत्तीर्ण. श्रवण चांगल्या गुणांनी उत्तीर्ण. लेखन काठावर उत्तीर्ण. बोलणं अनुत्तीर्ण.

निकाल तिने फोनवर पाहिला आणि फोन पालथा ठेवला. थोड्या वेळाने वडिलांनी वही काढली.

"बस इथं. जबाब दे."

"राहू द्या ना जी."

"काय झालं ते लिहिल्याशिवाय कसं समजन? बस."

जबाबाची रीत पंचनाम्याहून वेगळी असते. पंचनामा जागेचा, जबाब माणसाचा. सांगणारा सांगतो आणि रायटर त्याच्याच शब्दांत उतरवून घेतो. शेवटी एक ठरलेली ओळ येते, 'वाचून पाहिले, बरोबर आहे', आणि तिच्याखाली सांगणाऱ्याची सही. ती ओळ आणि सही नसेल तर वरचं सगळं निकामी.

भाचीने सांगितलं ते असं. बोलण्याच्या परीक्षेत दोन उमेदवार एकदम आत घेतात. समोर एक छायाचित्र ठेवतात. त्यावर बोलायचं, मग परीक्षकांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची, मग एकमेकांशी चर्चा करायची. तिच्या छायाचित्रात एक स्वयंपाकघर होतं. एक बाई टेबलाशी बसली होती आणि तिच्या हातात कागद होता. भाचीने सुरुवात उत्तम केली. खोलीचा अंदाजे आकार सांगितला. पूर्वेस खिडकी असल्याचं सांगितलं. टेबलावर झाकण नसलेली बाटली, अर्धी भरलेली, आत पाण्यासारखा द्रव.

"मंग ते मॅडम म्हणाल्या, पूर्वेले खिडकी आहे हे तुम्हाले कसं समजलं?"

"तू का म्हटलं?"

"उजवी बाजू पूर्व असते म्हटलं."

माझी पत्नी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. तिने पदर तोंडाला लावला.

"पुढं सांग," वडील म्हणाले. ते लिहीत होते.

"मंग विचारलं, ही बाई काहून रडून राहिली, तुम्हाले का वाटते? मी म्हटलं, रडताना दिसत नाही. डोळे ओले आहेत. कारण फोटोत दिसत नाही."

"बरोबर."

"माह्यासंगं जो पोरगा होता तो बोलतच सुटला. तिचा नवरा सोडून गेला, हे पत्र त्याचं आहे, आता ती माहेरी जाईन. मॅडमनं मले विचारलं, तुमचं यावर का मत आहे? मी म्हटलं, याले पुरावा नाही."

"मंग?"

"मंग मॅडम म्हणाल्या, पुरावा नकोच आहे, तुमचं मत सांगा. मले काही सुचलंच नाही जी. पाच मिनिटं बाकी होते. मी बाटलीवरच बोलत राह्यली."

वडिलांनी लिहून संपवलं आणि वही तिच्याकडे सरकवली. तिने वाचलं, ठरलेली ओळ लिहिली, सही केली. मग वडील म्हणाले, "बरोबरच बोलली तू. यात चूक कुठं आहे?"

"बरोबर बोलली म्हणूनच नापास झाली," पत्नी दारातून म्हणाली. "तुम्ही दोघायनं पोरीले मुकी करून ठेवलं."

'दोघांनी' यात मी होतो, आणि आरोप खरा होता. लेखनाच्या सरावासाठी भाची आधी मराठीत मसुदा करायची आणि मला दाखवायची. त्यातलं 'मला वाटतं' मी प्रत्येक वेळी खोडायचो. बातमीत ते शब्द आले की हात आपोआप जातो. परीक्षेला तेच शब्द हवे होते, आणि लेखनात ती काठावर का राहिली तेही मला त्या दुपारी कळलं.

मार्चअखेरच्या आधी बोलण्याची परीक्षा एकदाच पुन्हा देता येणार होती. हातात पाच आठवडे होते. वर्ध्याच्या लोकांनी दरम्यान मुलाचा फोटो पाठवला होता. बहिणीने तो मला पाठवला, मी भाचीला दाखवला. तिने फोटो पाहून "मार्च निघू द्या" म्हटलं, पण या वेळी आवाज बारीक होता.

दुसऱ्या दिवशी चार वाजता पत्नीने वही उचलून कपाटात ठेवली आणि वडिलांच्या शेजारी, नेहमी भाची बसायची त्या खुर्चीवर ती स्वतः बसली.

"आवाज बंद कर," ती भाचीला म्हणाली.

"मामी, आवाज बंद केला तर जर्मन कसं ऐकू?"

"ऐकण्यात पास झाली तू. आता पाहा अन् बोल."

पडद्यावर एक बाई जिन्यात उभी होती. निरीक्षक वर येत होता.

"सांग."

"बाई जिन्यात उभी आहे. तिच्या उजव्या हातात पिशवी..."

"ते मलेबी दिसते. काहून उभी आहे?"

"ते सांगता येत नाही मामी."

"सांगता येत नाही म्हणजे? तुह्या वॉर्डात पेशंट येते, त्याले भेव वाटून राहिलं हे तुले दिसत नाही का?"

"दिसते."

"मंग ते तू कुठं लिहिते?"

"ते नाही लिहीत. बीपी लिहिते, ताप लिहिते."

"पण त्याच्याशी बोलत असशीन ना?"

"बोलते ना. परवा एक आजी होती, ऑपरेशनच्या आधी सारखी बांगड्या मांगत होती. मी म्हटलं, आजी, बांगड्या जपून ठेवल्या, कोणी घेत नाही. तिले बांगड्यांचं नव्हतंच काही. तिले वाटे, आपण परत येत नाही."

"कशावरून?"

"तशी पाहून राहिली होती ना ती!"

"हे जर्मनमध्ये सांग आता," पत्नी म्हणाली. "बांगड्यांचं सगळं सांग."

भाचीने अडखळत सांगितलं. बांगड्यांना जर्मन शब्द तिला ठाऊक होता, 'परत येत नाही' हेही जमलं. पत्नीला त्यातलं एक अक्षर कळलं नाही. तिने मान डोलावली आणि म्हणाली, "आता जिन्यातल्या बाईचं."

पुढचे सगळे आठवडे असेच गेले. आवाज बंद ठेवलेली मालिका, चहा, आणि भाचीचे जर्मनमधले तर्क. सुरुवातीला ते तर्कही पंचनाम्यासारखेच असायचे. मग एके दिवशी टकला निरीक्षक एका घरात कॉफी नाकारत असताना ती चित्र न थांबवताच बोलू लागली. आधी जर्मनमध्ये, मग आमच्यासाठी मराठीत.

"या साहेबाच्या घरी कोणी नाही. म्हणून तो कोणाकडे कॉफी घेत नाही. घेतली तर बसावं लागन, अन् बसला तर त्याले उठू वाटणार नाही."

"आता बोलली!" पत्नीने टाळी वाजवली.

वडील हात गुडघ्यांवर ठेवून बसले होते. वही गेल्यापासून ते तसेच बसत. "पुरावा?" ते म्हणाले.

"बाबा, तुम्ही चहा प्या," पत्नी म्हणाली.

सरावाचा एक भाग म्हणून भाची सगळ्यांना मत विचारायची. मी देत असे. कारण मी सेवानिवृत्त आहे आणि आता कोणी खोडणार नव्हतं. वडिलांना तिने रोज विचारलं, "आबाजी, तुम्हाले का वाटते, कोणं केलं?" त्यांचं उत्तर रोज एकच असे, "मले का वाटाचं आहे."

एकदा तिने चित्र थांबवून विचारलं, "अन् मी गेली तर का वाटन?"

"जाणं-येणं चालूच राह्यते," वडील म्हणाले. "लाव पुढं."

तिने लावलं.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात ती पुन्हा पुण्याला गेली. निघताना घरातल्या बुद्धमूर्तीसमोर तिने मेणबत्ती लावली. पत्नीने तिच्या डब्यात दोन पोळ्या जास्त टाकल्या. वडील फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "उजव्या बाजूचं ध्यानात ठेवजो." ती इतकी हसली की ऑटोवाल्याने वळून पाहिलं. त्या दोघांच्यात त्या परीक्षेवर झालेला हा पहिला विनोद होता.

परत आली तेव्हा काय विचारलं, काय सांगितलं, यावर तिने एक शब्द काढला नाही. "निकाल लागू द्या," एवढंच. पत्नीने तिला खोदून विचारलं, मी आडून विचारलं. वडिलांनी विचारलं नाही. मालिका चालू राहिली. आवाज पुन्हा लावला होता.

निकाल तिच्या पाळीच्या वेळी लागला. तिने पत्नीला फोन केला, पत्नीने मला हाक मारली आणि मी वडिलांच्या खोलीत गेलो. ते आरामखुर्चीत होते.

"झाली पास," मी म्हणालो. "बोलण्यात."

"बरं झालं," ते म्हणाले. "आता जाईन ती."

"हो."

मी बाहेर आलो. साडेतीनला भाची पेढे घेऊन आली. बहिणीशी तिचं वाटेतच बोलणं झालं होतं. बहीण आधी रडली होती आणि मग थंडीचे कपडे कुठे चांगले मिळतात हे विचारत होती. वर्ध्याचा विषय निघाला नव्हता. चारला आम्ही टीव्हीसमोर आलो तर टेबलावर लांब वही उघडून ठेवलेली होती. समास आखलेला होता. वडिलांनी ती स्वतः कपाटातून काढली होती.

"बस," ते म्हणाले. "जबाब दे."

"आता तर पास झाली ना जी मी!"

"नापास झाल्याचा घेतला, पास झाल्याचा घ्या लागते. कागद पुरा पाह्यजे. का होतं फोटोत?"

भाची बसली. तिने सांगायला सुरुवात केली आणि वडील लिहू लागले. फोटो एका रुग्णालयाचा होता. लांब मार्गिका, भिंतीशी खुर्च्या. एका खुर्चीवर एक म्हातारा माणूस बसलेला, मांडीवर कोट. त्याच्या पायाशी एक लहान सुटकेस. थोड्या अंतरावर एक तरुण बाई उभी.

"पूर्वेले का होतं?" वडिलांनी वर न पाहता विचारलं.

"पूर्वेचं काही नाही बोलली मी."

"बरं. पुढं."

"मॅडमनं विचारलं, हा माणूस का विचार करून राहिला, तुम्हाले का वाटते?"

"तू का सांगतलं?"

भाचीने पत्नीकडे पाहिलं. पत्नी उठून आत जायला निघाली होती, ती तिथेच थांबली.

"सांग ना. मी लिहून राहिलो."

"मी म्हटलं," भाची सावकाश बोलू लागली, "हा माणूस बिमार नाही. तो कोणाले तरी सोडाले आला आहे. सुटकेस त्याची नाही, त्या पोरीची आहे."

"त्या पोरीची आहे," वडील लिहिता लिहिता पुटपुटले.

"मी म्हटलं, तिनं जाऊ नये असं त्याले वाटते. पण तो बोलणार नाही. त्याले विचारलं तर म्हणन, मले का वाटाचं आहे. सगळी जिंदगी त्यानं दुसऱ्यायचं लिहून घेतलं, त्याचं कोणी लिहून घेतलं नाही. म्हणून त्याले सांगाची सवय नाही."

पेन चालू होतं. वडिलांचं अक्षर अजून सुवाच्य आहे, फक्त वेग कमी झाला आहे. ती त्यांच्या वेगाने थांबत थांबत सांगत होती.

"मॅडमनं विचारलं, मंग तो इथं काहून आला? मी म्हटलं, सुटकेस उचलाले. तिची सुटकेस तो दारापर्यंत स्वतः नेईन. दुसऱ्याले हात लावू देणार नाही. अन् ती गेल्यावर घरी जाऊन चार वाजता चहा घेईन. चहा तो चुकवणार नाही."

"पुढं?"

"पुढं काही नाही. टाइम झाला."

"मॅडम का म्हणाल्या?"

"मॅडमनं विचारलं, हे सगळं तुम्हाले फोटोत कुठं दिसलं? मी म्हटलं, फोटोत नाही दिसलं. मले वाटते."

वडिलांनी शेवटचं वाक्य लिहिलं, त्याखाली रेघ ओढली आणि वही तिच्यासमोर सरकवली. तिने वाचलं. 'वाचून पाहिले, बरोबर आहे' असं लिहिलं आणि सही केली. मग माझ्याकडे पेन दिलं, कारण तिला वाटलं पंचांच्या सह्या हव्यात. जबाबावर पंच लागत नाहीत. मी पेन घेतलं नाही.

वडिलांनी हात पुढे केला. तिच्याकडून पेन घेतलं आणि वही पुन्हा आपल्याकडे ओढली. चष्मा सारखा केला. त्यांनी सगळा जबाब पहिल्या ओळीपासून वाचला, एकेका ओळीखाली बोट फिरवत. टीव्ही चालू होता, मालिकेचं सुरुवातीचं संगीत वाजून संपलं, कोणीतरी कुठेतरी घंटा वाजवली.

मग भाचीच्या सहीच्या खाली, जिथे जबाब देणाऱ्याखेरीज कोणी काही लिहायचं नसतं तिथे, त्यांनी लिहिलं, 'वाचून पाहिले. बरोबर आहे.' आणि पूर्ण सही केली, हुद्द्यासकट.

"सुटकेस कोणती घेऊन राहिली वं?" त्यांनी विचारलं. "चाकाची घेजो. जड होते मले."